हिरव्या मेजाभोवतीची भाऊबंदकी

कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून तुम्ही बसला आहात. सकाळचे आठ वाजलेत, पोटात चहासुद्धा नाही. पॅथॉलॉजी लॅबमधली मुलगी तुमच्या रक्ताच्या नळीवर लेबल चिकटवते आहे. नाव विचारून झालं, वय विचारून झालं. "पाच मिनिटं हात दुमडूनच ठेवा," असं सांगून ती पुढच्या पेशंटकडे वळली. पाच मिनिटं पुष्कळ झाली. तेवढ्यात जाऊन येऊ.

डोळे मिटा. उघडाल तेव्हा जुलै १९६२ असेल आणि तुम्ही ऑस्ट्रियात, ग्लॉगनिट्झ स्टेशनच्या फलाटावर असाल. व्हिएन्नाहून दक्षिणेकडे जाणारी गाडी इथून पुढे सेमरिंगचा घाट चढते. तुम्ही मात्र गाडी सोडा आणि डोंगरावरच्या त्या जुन्या किल्ल्याकडे निघा. बुर्ग वार्टेनश्टाइन त्याचं नाव. इलेक्ट्रोलक्सच्या व्हॅक्यूम क्लीनरवर श्रीमंत झालेले स्वीडिश उद्योगपती आक्सेल वेनर-ग्रेन यांनी मानवशास्त्राच्या संशोधनासाठी एक प्रतिष्ठान उभं केलं आणि पुढे हा किल्लाही त्याला देऊन टाकला. १९५८ पासून उन्हाळ्यात इथं परिषदा भरतात.

परिषद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, हारतुरे आणि मागच्या रांगेत पेंगणारी मंडळी आली असतील. इथं त्यातलं काहीच नाही. वीसेक माणसं, बस. निबंध आधीच टपालानं एकमेकांना पोचलेले असतात, ते इथं वाचून दाखवायचे नसतात. एका मोठ्या गोल मेजाभोवती बसायचं आणि दिवसचे दिवस बोलायचं. मेजावर हिरवं फेल्टचं कापड अंथरलेलं आहे. श्रोत्यांची पद्धत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी खुर्चीही नाही. खिडकीपाशी उभे राहा. कुणाला दिसणार नाही तुम्ही.

विषय आहे वर्गीकरण आणि मानवाची उत्क्रांती. बोलावणं धाडलंय बर्कलीच्या शेरवुड वॉशबर्न यांनी. स्वतः शरीररचनेचे अभ्यासक, पण नुसत्या कवट्या मोजून भागणार नाही असं दहा-बारा वर्षं सांगत आलेले. म्हणून त्यांनी नाना गावची माणसं एका पंगतीला बसवली आहेत.

पंगत नीट पाहून घ्या. हे लुई लीकी, पूर्व आफ्रिकेतून आलेले. तीन वर्षांपूर्वी, जुलै १९५९ मध्ये, ओल्डुवायच्या घळीत त्यांच्या पत्नी मेरी यांना एक दणकट कवटी सापडली. गेल्याच वर्षी तिथल्या ज्वालामुखीच्या राखेवरून तिचं वय साडेसतरा लाख वर्षं ठरलं. हे लंडनचे जॉन नेपियर, हाताच्या हाडांवरून हात काय करू शकत होता ते सांगणारे. ओल्डुवायमध्ये मिळालेली हातांची हाडं सध्या त्यांच्याकडे आहेत. हे दोघं फिलिप टोबायस यांच्याबरोबर दोन वर्षांनी 'होमो हॅबिलिस' या नव्या जातीची घोषणा करणार आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे. ओठ घट्ट मिटून ठेवा.

पलीकडे झुरिकचे ॲडॉल्फ शुल्ट्झ. वानरांची शरीरं यांच्याइतकी क्वचितच कुणी मोजली असतील. मग ओळीनं तीन मोठी माणसं: जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्की, पक्ष्यांपासून सुरुवात करून जाती म्हणजे काय या प्रश्नाला भिडलेले अर्न्स्ट मायर, आणि जीवाश्मांचे अभ्यासक जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन. डार्विनचा विचार आणि मेंडेलचं गणित यांची सांगड घालणारी या तिघांची पुस्तकं १९३७ ते १९४४ या सात वर्षांत आली आणि उत्क्रांतीचा आधुनिक सिद्धांत त्यांवर उभा राहिला. सिम्पसन यांच्या पत्नी ॲन रो मानसशास्त्रज्ञ आहेत. त्याही निमंत्रित आहेत, नवऱ्यासोबत आलेल्या पाहुण्या म्हणून नव्हे. माकडांचं वागणं पाहणारे आहेत, गुणसूत्रं मोजणारे आहेत. माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हे नक्की होऊन अवघी सहा वर्षं झालीत आणि गोरिला-चिंपांझीची ४८ भरतात हे तर अगदी ताजं आहे.

आता या सगळ्यांत जरा अवघडून बसलेले दोघं बघा. सदतीस वर्षांचे मॉरिस गुडमन डेट्रॉइटहून आलेत. दुसरे एमिल झुकरकांडल, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाहून. या दोघांच्या पोतडीत ना हाड, ना दात. त्यांनी आणलंय ते रक्त, म्हणजे रक्ताबद्दलचे कागद.

गुडमन काय म्हणतात ते कळायचं तर त्यांची ताटली जवळून पाहायला हवी. चला क्षणभर डेट्रॉइटला, वेन स्टेट विद्यापीठात. काचेच्या ताटलीत अगरचा पातळ थर ओतलाय. अगर म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रासच. थर गोठल्यावर त्यात त्रिकोणात तीन छोट्या विहिरी पाडल्यात. खालच्या विहिरीत प्राण्याच्या रक्तातला द्रव आहे. त्या प्राण्याला आधी माणसाच्या रक्तातलं प्रथिन टोचलंय, त्यामुळे माणसाचं प्रथिन ओळखून त्याला धरणारी प्रतिद्रव्यं त्याच्या रक्तात तयार झाली आहेत. वरच्या दोन विहिरींपैकी एकीत माणसाचं रक्तद्रव्य आहे, दुसरीत चिंपांझीचं. आता काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. तिन्ही विहिरींतून द्रव अगरमध्ये झिरपतात. जिथं गाठ पडते तिथं पांढरट दोरा उमटतो, दुधात लिंबू पिळल्यावर साका धरावा तसा.

वाकून पाहा. माणसाकडून आलेला दोरा आणि चिंपांझीकडून आलेला दोरा एकमेकांना मिळून धनुष्यासारखी जवळजवळ अखंड कमान झाली आहे. म्हणजे प्रतिद्रव्याला दोघांत फारसा फरक दिसलेला नाही. आता शेजारची ताटली. इथं चिंपांझीच्या जागी ओरांगउटान आहे. दोरे मिळालेत, पण मिळाल्या जागेपुढे एक बारीक काटा बाहेर आलाय. माणसात असलेलं काहीतरी ओरांगउटानमध्ये नाही, हे तो काटा सांगतो. हे तंत्र अगदीच नवं नाही. केंब्रिजमध्ये जॉर्ज नटॉल यांनी रक्ताच्या अशाच नात्यागोत्यावर सोळा हजार चाचण्या करून १९०४ मध्ये ग्रंथ छापला होता. पण गुडमन यांनी त्या काट्यावरून जो निष्कर्ष काढला त्यानं हिरव्या मेजावर ठिणगी पडली. त्यांचं म्हणणं असं, की गोरिला आणि चिंपांझी हे ओरांगउटानपेक्षा माणसाचे जवळचे आहेत. तेव्हा त्यांना ओरांगउटानच्या घरात ठेवण्यात अर्थ नाही. माणसाच्या कुळात, होमिनिडीत, घ्या त्यांना.

किल्ल्यात परत या. आता बोलायची पाळी झुकरकांडल यांची आहे. ते बोलायला लागण्याआधी त्यांच्याविषयी एक गोष्ट ऐकून ठेवा. हा माणूस व्हिएन्नाचा. त्यांचे आजोबा, तेही एमिल झुकरकांडलच, व्हिएन्ना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. शरीरातल्या एका ग्रंथीसदृश अवयवाला आजही त्यांचं नाव आहे. घर ज्यू. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केलं तेव्हा पंधरा वर्षांच्या नातवाला देश सोडावा लागला. याच महिन्यात त्यांनी चाळिशी गाठली आहे. हाडांचा संसार मांडलेल्या आजोबांचा नातू, आजोबांच्याच देशात, हाडांच्या जाणकारांपुढे रेणूंची बाजू मांडायला बसलाय. परिषदेच्या निबंधासाठी त्यांनी एक नवा शब्दही घडवून आणलाय: रेणवीय मानवशास्त्र.

त्यांचं काम पाहायला पासाडेनात, १९६० सालात डोकावू. कॅलटेकमधली प्रयोगशाळा. पिरिडिनचा कुजक्या मासळीसारखा वास नाकात शिरेल, रुमाल धरा. झुकरकांडल इथं आले ते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या भरवशावर. त्याआधी ते फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर खेकड्यांवर काम करायचे. पॉलिंग यांनी सुचवलं, हिमोग्लोबिन घ्या आणि वेगवेगळ्या प्राण्यांचं ताडून पाहा. पॉलिंग यांना हिमोग्लोबिनचा नाद जुना. विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुड्यात घरोघर ओळखीचा झालेला सिकलसेल हा आजार म्हणजे हिमोग्लोबिनच्या रेणूतला बिघाड आहे, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९४९ मध्ये दाखवलं होतं. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये तो बिघाड नेमका शोधला: बीटा साखळीतलं सहाव्या जागेचं एक अमिनो आम्ल बदललेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. एवढ्या एका मण्यानं माणूस अंथरुणाला खिळतो.

इन्ग्रॅम यांचंच तंत्र इथं चालू आहे. हिमोग्लोबिनवर ट्रिप्सिन सोडलं की साखळीचे ठरावीक जागी तुकडे होतात. त्या तुकड्यांच्या मिश्रणाचा एक थेंब मोठ्या कागदाच्या कोपऱ्यावर ठेवतात. एका दिशेनं विजेचा प्रवाह देऊन तुकडे पांगवतात, मग दुसऱ्या दिशेनं द्रावण चढवून पुन्हा पांगवतात. कागद वाळला की कोराच दिसतो. आता त्यावर निनहायड्रिन फवारा आणि ऊब द्या. हळूहळू जांभळे ठिपके उमलायला लागतात, जांभूळ खाल्लेल्या पोरानं शर्टाला बोटं पुसावीत तसे. पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला हेच रसायन वापरतात, आणि या ठिपक्यांच्या नक्षीचं नावही 'फिंगरप्रिंट'च. माणसाचा कागद आणि गोरिलाचा कागद शेजारी ठेवा. एकावर एक धरून उजेडाकडे करा. ठिपका ठिपक्यावर बसतो. गाय-डुकराचा कागद आणा, काही ठिपके सरकलेत. माशाचा आणा, नक्षीच निराळी.

यातून झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी जो हिशेब मांडला तो तुम्ही पोथ्यांच्या भाषेत सहज समजू शकाल. एकाच मूळ पोथीवरून नकला होत गेल्या की प्रत्येक नकलेत लेखनिकाच्या हातून थोड्या चुका होतात. पुढच्या नकलेत त्या जशाच्या तशा उतरतात आणि नव्यांची भर पडते. दोन पोथ्यांत पाठभेद थोडे, तर त्यांची वाट अलीकडे फुटली. पाठभेद पुष्कळ, तर फार पूर्वी. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती या पाठभेदांना भिडूनच. हिमोग्लोबिन ही अशीच पोथी आहे. अल्फा साखळीत १४१ अक्षरं, बीटात १४६.

आता दोघांची बेरीज-वजाबाकी पाहा. माणसाच्या आणि घोड्याच्या अल्फा साखळीत फरक १८. वाट फुटल्यावर दोन्ही फांद्यांवर बदल होत गेले, म्हणून एका फांदीच्या वाट्याला ९. माणूस आणि घोडा यांचा सामाईक पूर्वज १० ते १६ कोटी वर्षांपूर्वीचा मानत. मधला आकडा १३ कोटी. त्याला ९ नं भागा. साधारण १ कोटी ४५ लाख वर्षांना एक बदल. माणूस आणि गोरिलात बदल इतके थोडे, की दोघांची वाट फुटून सुमारे १ कोटी १० लाख वर्षं झाली असावीत. घड्याळ चालू झालं.

मेजाभोवती आवाज चढलेत, ऐका. झुकरकांडल यांनी निबंधात असं काही लिहिलंय, की हिमोग्लोबिनच्या नजरेतून गोरिला म्हणजे जरासा बिघडलेला माणूस, किंवा माणूस म्हणजे जरासा बिघडलेला गोरिला. सिम्पसन यांना हे मानवणं शक्य नव्हतं. दोन वर्षांनी त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहून हे विधान सरळ निरर्थक ठरवलं. हिमोग्लोबिनला गोरिला आणि माणूस वेगळे दिसत नसतील तर या प्रश्नात हिमोग्लोबिनची साक्ष कुचकामी आहे, असा त्यांचा रोख होता.

खिडकीत उभं राहून सिम्पसन यांना हेकट ठरवायचा मोह आवरा. त्यांचा मुद्दा तोलून पाहा. माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्याचा मेंदू वाढला, तो बोलायला लागला, हत्यारं घडवायला लागला. जगण्याची एक निराळीच तऱ्हा त्यानं पत्करली. वर्गीकरणात या सगळ्याचं मोल शून्य धरायचं, आणि ऑक्सिजन वाहण्याचं एकच काम करणाऱ्या एका प्रथिनाच्या साक्षीवर घराणी ठरवायची? निवड होते ती अख्ख्या प्राण्याची, सुट्या रेणूची नव्हे. गुडमन यांची बाजूही तितकीच सरळ. भाऊबंद कोण, हे कोण किती शिकला आणि कुणी किती कमावलं यावरून ठरत नाही. एकाच आजाचे असाल तर भाऊबंद. एक भाऊ गावात राहिला, दुसऱ्यानं मुंबईत बंगला बांधला, म्हणून कूळ बदलतं का?

मराठीत भाऊबंदकी या एका शब्दात नातंही आहे आणि तंटाही. या खोलीत दोन्ही चाललेत. वाटण्या कशाच्या आहेत हे ओळखलंत का? गोरिला कुणाच्या घरात राहणार, हा वरवरचा वाद. खरा तंटा दप्तराच्या मालकीचा आहे. भूतकाळाचा अस्सल कागद कुणाकडे: जमिनीत पुरलेल्या हाडांकडे, की जिवंत शरीरात वाहणाऱ्या रेणूंकडे?

आणि नेमकं इथंच, रेणूवाल्यांच्या त्या हिशेबाकडे परत वळा. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक शक घालतो. रेणू शक घालत नाही. १८ फरक हे रसायनशास्त्र्यांनी मोजले. पण १३ कोटी वर्षं? तो आकडा कुठल्याही परीक्षानळीतून निघालेला नाही. तो खडकांच्या थरांतून, दातांच्या तुकड्यांतून, जीवाश्म शोधणाऱ्यांच्या दप्तरातून उसना घेतलेला आहे. समोर चिडून बसलेल्या सिम्पसन यांनीच १९४५ मध्ये साऱ्या सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण रचलं होतं. घोड्यांच्या उत्क्रांतीवर त्यांचं अख्खं पुस्तक आहे. घड्याळ रसायनवाल्यांचं, पण किल्ली हाडवाल्यांच्या खिशात. एकमेकांचं दप्तर मान्य नसलेली ही माणसं एकमेकांवाचून एकही तारीख सांगू शकत नव्हती, आणि म्हणूनच त्यांना एका मेजाभोवती बसवण्यात वॉशबर्न यांचं शहाणपण होतं. एकमत होईल अशी आशा धरून आलेल्यांची निराशा होईल. परिषद उठते तेव्हा कुणीही कुणाला पटवलेलं नाही. पुढच्या वर्षी ग्रंथ निघतो आणि त्यात सिम्पसन, मायर, लीकी, गुडमन, झुकरकांडल सगळे आपापल्या जागी ठाम, एकाच पुठ्ठ्यात बांधलेले.

तुमच्या हातात अजून मिनिटभर आहे. सप्टेंबर १९६४, न्यू जर्सी. स्ट्रेप्टोमायसिनच्या स्वामित्वधनातून सेल्मन वॅक्समन यांनी रटगर्स विद्यापीठात उभारलेली सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था. इथं दोन दिवस जनुकं आणि प्रथिनं यांच्या उत्क्रांतीवर चर्चा चालू आहे. खोली मोठी, माणसं जास्त, पण वारं तेच. इमॅन्युएल मार्गोलिअॅश यांनी सायटोक्रोम सी हे दुसरं प्रथिन पुढे केलंय, म्हणजे साक्षीदार आता एकटा राहिला नाही. झुकरकांडल आणि पॉलिंग यांच्या इथल्या निबंधातूनच 'रेणवीय घड्याळ' ही कल्पना नावानिशी जगापुढे आली.

शेवटची उडी. डिसेंबर १९६७, बर्कली. वॉशबर्न यांचा विद्यार्थी व्हिन्सेंट सारिच आणि जीवरसायनवाले ॲलन विल्सन यांचा निबंध आलाय. त्यांनी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घेतलं, गुडमन यांच्यासारखाच प्रतिद्रव्यांचा मार्ग धरला, पण मोजमाप अधिक काटेकोर केलं. किल्ली मात्र पुन्हा हाडांकडूनच उसनी: एप, म्हणजे गोरिला-चिंपांझीसारखे वानर, आणि जुन्या जगातली माकडं यांची वाट तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली, हा जीवाश्मांवरचा अंदाज. उत्तर आलं, माणूस आणि आफ्रिकेतले एप वेगळे होऊन अवघी ५० लाख वर्षं झाली.

हा आकडा आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी येऊन आदळला. हिमाचलातल्या हरितल्यांगर इथं १९३२ मध्ये वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला होता. शोधणाऱ्या जी. एडवर्ड ल्युइस यांनी त्याला रामाचं नाव दिलं: रामापिथेकस. १९६१ पासून एल्विन सायमन्स तो माणसाचा थेट पूर्वज असल्याचं मांडत होते, आणि त्याचं वय धरलं जात होतं सुमारे १ कोटी ४० लाख वर्षं. वाटच ५० लाख वर्षांपूर्वी फुटली असेल तर त्याआधी ९० लाख वर्षं माणसाचा पूर्वज कुठून येणार? हाडवाले संतापले. तंटा पंधरा वर्षं चालला. निकाल अखेर हाडानंच दिला. डेव्हिड पिलबीम यांच्या पथकाला पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर सिवापिथेकस या प्राचीन एपचा चेहरा सापडला. १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं, की हा तर ओरांगउटानच्या तोंडवळ्याचा. रामापिथेकसही त्याच्याच गोतावळ्यात गेला. रामाचं नाव शिवाच्या नावात विलीन झालं आणि माणसाचा पूर्वज म्हणून असलेला त्याचा मान गेला.

रेणूंनी केलेला दावा खरा ठरला, पण तो खरा ठरवला हाडानं. किल्ल्यातल्या त्या मेजावर जे उसनं घेतलं होतं ते असं फिटलं.

आता परत या. बोळा काढून पाहा, रक्त थांबलंय. समोर प्लास्टिकच्या रॅकमध्ये नळ्या उभ्या आहेत, तुमची तिसरी. तिच्या शेजारी कुणी चिंपांझीच्या रक्ताची नळी ठेवली, तर हिमोग्लोबिनच्या अल्फा आणि बीटा साखळ्यांची २८७ च्या २८७ अक्षरं जुळतील. त्यावरून तुमची नळी कोणती हे सांगता यायचं नाही. ते सांगायला लेबलच लागेल. मुलीनं तुमच्या नळीवरचं लेबल अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबून घट्ट बसवलं.

"रिपोर्ट संध्याकाळी सातनंतर," ती म्हणाली. "चहा घ्या आता."